सरांचा सत्कार

माझ्या दुकानात रोज दोन-चार माणसं थोर होतात. नवी पेठेतल्या एका बोळात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाची कुठल्या तरी समितीवर निवड झालेली असते, कुणी वारलेलं असतं. लोक फोनवर फोटो पाठवतात आणि म्हणतात, मजकूर तुम्हीच टाका, तुम्हाला चांगलं सुचतं. सुचतं खरं. अठरा वर्षं हा धंदा केल्यावर कुणाही माणसाबद्दल चार गोड ओळी मी चहा पिता पिता लिहू शकतो. त्या खऱ्या असायला लागत नाहीत, फक्त लांबून वाचता यायला लागतात.

ही बढाई नाही. पुढं जे सांगणार आहे, त्यातलं सगळ्यात वाईट काम माझ्या याच हुशारीनं केलं, म्हणून आधी सांगून टाकलं.

आमच्या भागाची एक फुटबॉल टीम आहे. बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या मैदानावर ती खेळते, आणि गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही ती बघतो. सगळं गाव क्रिकेटच्या नादी लागलेलं असताना फुटबॉल बघायला जाणारी माणसं तशी कमीच, त्यात आमची टीम हरणारी. तरी आम्ही दहा-पंधराजण पायऱ्या सोडत नाही. घरचे म्हणतात, तिथं काय ठेवलंय? काय ठेवलंय ते आम्हालाही सांगता येत नाही.

टीमला कोच एकच, आमचे सर. गिरणी चालू होती तेव्हा ते तिथं नोकरीला होते आणि गिरणीच्या टीमकडून खेळायचे. गिरणी बंद पडली, पगार गेला, टीम गेली. सर तेवढे मैदानावर राहिले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळं काढायलाही कुणी नव्हतं. आता वय सत्तरीला टेकलेलं. शहराबाहेर कुंभारीला दोन खोल्यांच्या घरात राहायचे आणि रोज सकाळी सहाच्या आत जुन्या मोपेडवरून मैदानावर हजर व्हायचे. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सर गोलपोस्टला जाळी बांधत होते. आम्ही म्हणालो, सर, थोडे दिवस आराम करा. ते म्हणाले, घरी बसून कुणाकडं बघू?

सरांचा एक नियम होता, निदान आम्ही तो नियम समजत होतो. जो खेळाडू आठवडाभर रोज सरावाला आला, त्याला मॅचमध्ये शेवटची पाच मिनिटं तरी उतरवायचंच. तो कसा खेळतो हा प्रश्नच नाही. जिंकत असू तरी आणि हरत असू तरी, घड्याळात पाच मिनिटं राहिली की सर एका चांगल्या खेळाडूला बाहेर बोलवायचे आणि एका सामान्य खेळाडूला आत पाठवायचे. समोरच्या टीमलाही हे पाठ झालं होतं. ते त्या पाच मिनिटांची वाट बघत दम राखून ठेवायचे.

आणि एक शब्द होता. कुणी नेमका पास दिला, वेळेवर बॉल अडवला, की रेषेवर उभे असलेले सर हात मागं बांधून एवढंच म्हणायचे, "जमलं." टाळी नाही, शाबासकी नाही. ते एवढंसं "जमलं" ऐकायला पोरं जीव टाकायची.

मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तीन मोसम सरांकडं खेळलो. खेळलो म्हणजे तीन मोसम शेवटची पाच मिनिटं खेळलो. मला पळता येत होतं, बाकी काही येत नव्हतं. बॉल माझ्याकडं आला की बॉलचं काय होईल ते मलाही माहीत नसायचं. पण सकाळी सहाचा सराव मी एक दिवस चुकवला नाही. एकदा माझे वडील मॅच बघायला आले होते. ते यंत्रमागावर काम करायचे, दुपारची पाळी अर्धी टाकून आले. भिंतीशी उभे राहून त्यांनी पूर्ण वेळ मी बाकड्यावर बसलेला बघितला आणि मग ती पाच मिनिटं बघितली. घरी आल्यावर आईला म्हणाले, खेळला की पोरगं. पुढच्या वर्षी ते गेले. माझ्या वडिलांनी मला काही धड करताना बघितलं असेल, तर ती पाच मिनिटं.

"जमलं" मात्र मला कधी मिळालं नाही. मिळण्यासारखं मी काही केलंच नव्हतं.

तर यंदाच्या साखळी स्पर्धेत आम्ही आधीच तीन मॅच हरलो होतो. चौथी जिंकली तर पुढच्या फेरीत, नाही तर घरी. एप्रिलचं ऊन, साडेचारला मॅच सुरू झाली तरी पायऱ्यांवर बसवत नव्हतं. आमच्या टीमनं पहिल्या अर्ध्यात गोल मारला आणि त्यानंतर अक्षरशः जिवाच्या करारावर तो राखला. आमचा स्टॉपर, म्हणजे गोलपुढं उभा राहून अडवणारा मुख्य गडी, त्या दिवशी भिंतीसारखा खेळला. पंच्याऐंशी मिनिटं झाली. एक-शून्य.

आणि सरांनी हात वर केला. स्टॉपरला बाहेर बोलावलं.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. "सर, नको! सर, आज नको!" कुणी शिव्यापण दिल्या. सरांनी मागं वळून बघितलं नाही. आत गेला तो एक तिशी उलटलेला कामगार. टॉवेलच्या कारखान्यात मागावर रात्रपाळी करायचा आणि पाळी सुटली की घरी न जाता सरळ सरावाला यायचा. आठवडाभर आला होता. लाल डोळ्यांनी, पण रोज.

दोन मिनिटांत त्याच्या बाजूनं समोरच्या टीमचा एक पोरगा वाऱ्यासारखा निघून गेला आणि बरोबरीचा गोल झाला. पुढची फेरी गेली, तरी निदान बरोबरीचा मान राहिला असता. शेवटच्या मिनिटाला बॉल परत त्याच्याच पायाशी आला. समोर कुणी नव्हतं. डोळे मिटून भिंतीबाहेर मारला असता तरी चाललं असतं. पण बॉल आपला असताना बाहेर फेकायचा नाही, हे सरांनी सगळ्यांनाच शिकवलेलं. त्यानं बॉल पायाखाली घ्यायचा प्रयत्न केला, बॉल निसटला, त्यांच्या पोरानं तो हिसकावला आणि गोल. रेफ्रीनं लगेच शिट्टी वाजवली.

आमच्या पायऱ्यांवर एक रीत आहे. मॅच हरली की पहिला चहा पोटात जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्या दिवशी गेटवरच्या टपरीचा चहा आला, आम्ही तो मुकाट प्यायलो आणि मग तोंडं सुटली.

सुरुवात केली मेकॅनिकनं. रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज आहे त्याचं. बाहेरदेशच्या सगळ्या क्लबांच्या मॅच फोनवर बघतो, त्यामुळं सरांना तो कोच म्हणत नाही, मॅनेजर म्हणतो. "देखो मियाँ, टीव्ही पे देखते नै क्या तुम? चार मॅच हारे तो मॅनेजर कू सीदा घर भेजते. उदर कोई रोता नै."

मंद्रूपचे अण्णा त्याच्या अंगावर गेले. अण्णा आमच्यात सगळ्यात थोरले, गावाकडं शेती, इथं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम. "आरं, ती पगारी मानसं हायती. ह्यो मानूस फुकट राबतुया. एवढ्या उनाचं कोन येतंय हितं कुंभारीवरनं?"

"फुकट है बोलके हारना क्या?" मेकॅनिक म्हणाला.

तिसरे बोलले ते टॉवेलवाले शेट. टीमला दरवर्षी जर्सी तेच देतात, आणि तो शेवटचा बदली खेळाडू त्यांच्याच कारखान्यातला. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. फार मनाला लागलं की तेही मराठीतून तेलुगूत घसरतात. "कादु, कादु," ते नाही नाही अशी मान हलवत म्हणाले, "माणूस चांगला आहे, तो विषयच नाही. माझ्या वडिलांच्या ठिकाणी आहेत ते. पण टीम म्हणून बघा ना. आता नवीन पोरं येत नाहीत. म्हणतात, तिथं जीव तोडून खेळा आणि शेवटी बाहेर बसा. पुण्यात कोचिंगचा कोर्स करून आलेला एक पोरगा आहे ओळखीचा. तो यायला तयार आहे."

"म्हंजे तुमी आदीच इचारून ठिवलंय व्हय?" अण्णा म्हणाले.

शेटनी चहाचा कप उगाच फुंकला.

खरं तर मी बोलायलाच नको होतं. पण मीही तापलो होतो. पंच्याऐंशी मिनिटं मी ओरडून घसा बसवला होता. मी म्हणालो, "सरांचं वय-बिय काही नाही. सगळं वाटोळं त्या पाच मिनिटांनी केलंय. ही काय धर्मशाळा आहे का? रोज आला म्हणून आत घ्यायला? ज्याला येत नाही त्यानं बघावं, खेळू नये."

मेकॅनिकनं माझ्याकडं बघितलं आणि तो हसायला लागला. "भाई, तू बी तो वोच पाँच मिनट का प्लेयर था ना?"

सगळे हसले. अण्णासुद्धा. हरल्यानंतर पहिल्यांदा कुणी तरी हसायला काही तरी दिलं होतं, त्यामुळं जरा जास्तच हसले. माझे कान तापले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, पोरगी कॉलेजात, बोळात चार लोक नाव घेतात, आणि मी पायऱ्यांवर बसून पुन्हा त्या बाकड्यावर बसल्यासारखा झालो. त्या क्षणी मला सरांचा राग आला. त्यांनी मला तेव्हाच सरळ सांगितलं असतं तर आज ही वेळ आली नसती, असं मला वाटलं. हे अगदी स्पष्ट आठवतं.

"हात वर करा," मी म्हणालो. "काय ते एकदा होऊन जाऊ दे."

शेटचा हात पहिला, माझा दुसरा. मग मेकॅनिकचा, मग बाकीच्यांचे. अण्णांनी सगळ्यात शेवटी केला, तोही कोपरापर्यंतच.

मैदानाच्या पलीकडं गोलपोस्टजवळ तो कामगार बूट न काढता बसला होता. सर त्याच्याशेजारी मातीत मांडी घालून बसले होते. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. पण काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं. अशा वेळी मलाही त्यांनी तेच सांगितलेलं होतं. उद्या सहाला ये.

आता प्रश्न उरला, सांगायचं कुणी. आमच्यातला एकही असा नव्हता की ज्याला सरांनी कधी ना कधी कान पिळून बॉलला पाय कसा लावायचा ते शिकवलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "म्या न्हाय बाबा. माझ्या तोंडनं न्हाय यायचं." मेकॅनिक, जो टीव्हीवरच्या मॅनेजरांना रोज घरी पाठवतो, तो म्हणाला, "मेरे कू मत बोलो यार."

मग शेट म्हणाले, "सत्कार करू."

कुणाला समजावून सांगायला लागलं नाही. आमच्याकडं माणसाला असंच हलवतात. हेडमास्तर नकोसा झाला, सोसायटीचा जुना चेअरमन जड झाला, की त्याचा सत्कार ठरतो. अंगावर चादर घालायची, हातात नारळ द्यायचा, त्याच्या कार्याबद्दल तासभर बोलायचं. माणूस उठतो, हात जोडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. वाईट कुणी बोललेलं नसतं. किती सभ्य पद्धत आहे, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. शेट म्हणाले, "मोठा करू. शोभेल असा." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. फ्लेक्स माझा आणि सूत्रसंचालनही माझं, हे न बोलताच ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून फ्लेक्स करायला घेतला. सरांचा एकट्याचा फोटोच नव्हता कुणाकडं. ते नेहमी दुसऱ्यांचे फोटो काढायला उभे असायचे. शेवटी माझ्याकडचाच एक जुना फोटो निघाला, माझ्या शेवटच्या मोसमाचा. सर मध्ये, मी शेजारी, त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर. मला त्यातून बाहेर काढायचं तर तो हात मनगटापाशी कापावा लागत होता. कापला. कापलेली जागा दिसू नये म्हणून तिथं झेंडूच्या फुलांची एक कमान टाकली. छान बसली.

मथळा लिहिताना मी आधी "निरोप समारंभ" असं टाइप केलं होतं. हे नीट सांगायला हवं. ते दोन शब्द पडद्यावर होते, लाल अक्षरात, मोठे. मी खुर्ची मागं सरकवून बघितलं आणि ते फार उघडं वाटलं. फोन करून शेटना विचारलं, त्यांनाही तसंच वाटलं. मग मी ते पुसलं आणि "कृतज्ञता सोहळा" टाकलं. खाली चार ओळी. आधारवड, मार्गदर्शक, पिढ्या घडवणारे हात. डोळे मिटून लिहिलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मैदानावरच मांडव घातला. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. शेटनी कारखान्यातली चांगली जाड चादर आणली होती, ती त्यांच्या अंगावर घातली. एप्रिलच्या उकाड्यात सरांनी ती शेवटपर्यंत काढली नाही. घाम कानामागून गळ्यात उतरत होता, तरी दोन्ही हातांनी टोकं धरून बसले होते.

भाषणं सुरू झाली. मेकॅनिक बोलला, शेट बोलले. अण्णा बोलायला उठले आणि तिसऱ्या वाक्याला रडायलाच लागले. "सर नसते तर आमी कुटं असतो," एवढं म्हणून खाली बसले. प्रत्येकाला वाटत होतं, मुद्द्याचं पुढचा बोलेल. मलाही तसंच वाटत होतं. पुण्याहून आलेला तो नवीन कोच तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याची ओळख मी "आपले पाहुणे" अशी करून दिली.

शेवटी सर बोलायला उभे राहिले. माइक मीच त्यांच्यापुढं धरला होता.

"मला बोलता येत नाही," सर म्हणाले. "त्या मॅचपासून मला झोप लागली नाही. माझी चूक झाली का, हेच डोक्यात. मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यावर चिडला असाल. पायऱ्यांकडं बघायची हिंमत होत नव्हती. आणि तुम्ही हे केलंत." त्यांनी चादरीवरून हात फिरवला. "हरल्यावर सत्कार करणारी माणसं मी बघितली नव्हती. बायको गेल्यापासून मला वाटत होतं, आता आपण कशाला. पण नाही. तुम्ही पाठीशी आहात, तर मी पुढचा मोसमपण उभा करतो. उद्या सहाला सराव आहे. सगळ्यांनी या."

कुणी तरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. शेटनी वाजवल्या. मी माइक काखेत धरून वाजवल्या. मेकॅनिक जमिनीकडं बघत वाजवत होता. माइक माझ्याकडंच होता. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्याइतकं सफाईनं ते तिथं दुसरं कुणी बोलू शकलं नसतं. मी म्हणालो, "सर्वांसाठी अल्पोपाहाराची व्यवस्था केलेली आहे."

सर ताटली घेऊन मांडवभर फिरले. नवीन कोचच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही, खेळायची आवड दिसतेय, येत जा मैदानावर. ते पोरगं पांढरंफटक पडलं. नंतर ते शेटना म्हणालं, मी उद्या सातला येणार होतो, येऊ की नको?

या, असं शेटनी सांगितलं. आणि मला म्हणाले, "सूत्रसंचालन तुमचं होतं. तुम्हीच सांगा आता."

मी सकाळी सहाला मैदानावर गेलो. सव्वीस वर्षांनी त्या वेळी तिथं जात होतो. सर आधीच आले होते. एकटेच. सराव आहे म्हणून सांगितलं होतं तरी एकही खेळाडू आला नव्हता, कारण खेळाडूंना सगळं माहीत होतं. तो रात्रपाळीवाला कामगारही नव्हता. सर मैदानाची रेष आखत होते. खुंटीला सुतळी बांधलेली आणि हातात चुन्याच्या फक्कीचा डबा, तळाला भोकं पाडलेला. मांडव निघाला होता, पण फ्लेक्स अजून गिरणीच्या भिंतीवर होता.

मला बघून त्यांना केवढा आनंद झाला! "अरे, तू? ये ये. ते टोक धर. एकट्यानं रेष सरळ येत नाही."

मी सुतळीचं टोक धरून खाली बसलो. ते फक्की सोडत माझ्या दिशेनं यायला लागले. वाकून, एकेक पाऊल.

"सर, थोडं बोलायचं होतं."

"बोल की. ढिली सोडू नको."

"सर, कालचा कार्यक्रम निरोपाचा होता."

"कुणाच्या?"

"तुमच्या, सर."

त्यांना आधी थट्टा वाटली. तसं ते हसलेही. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. डबा हातात तसाच राहिला आणि फक्की एकाच जागी पडत राहिली, तिचा छोटा ढीग झाला. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या फ्लेक्सकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं.

"पण तसं कुठं लिहिलंय त्यावर?" त्यांनी विचारलं.

"नाही लिहिलं, सर."

"लिहायचंस रे. मी समजलो असतो." मग म्हणाले, "काल तिसऱ्या रांगेत होता, तो का नवीन?"

"हो. सातला येणार आहे."

"मी त्याला म्हणालो, येत जा." त्यांनी कपाळाचा घाम दंडानं पुसला. "सगळ्यांचं ठरलं हे?"

"हो, सर."

"तुझंही?"

खोटं बोलता आलं असतं. चार गोड ओळी तर माझ्या तोंडात कायमच्या बसलेल्या आहेत. पण सुतळी धरून खाली बसलो होतो आणि ते वाकून माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "हो. माझा हात दुसरा होता."

ते पुन्हा वाकले आणि उरलेली रेष पूर्ण करायला लागले. मी टोक घट्ट धरून होतो. माझ्या बोटांपर्यंत आल्यावर त्यांनी डबा झटकला, मागं वळून रेष बघितली. मधल्या ढिगापाशी जाऊन तो पायानं पसरून सारखा केला. मग मैदानावरच्या सामानाच्या खोलीची किल्ली आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. शिट्टीची दोरी घामानं ओली होती. "दे त्याला," म्हणाले. "फक्कीची पोती खोलीत उजव्या हाताला आहेत. नळाला पाणी साडेसहापर्यंतच असतं, त्याला सांग."

मोपेडच्या सीटवर कालची चादर घडी करून ठेवलेली होती. ती घेऊन त्यांनी हँडलच्या पिशवीत घातली. सरावाला येणाऱ्या पोरांना बसायला अंथरायची म्हणून आणली असावी. मी मागं मागं गेलो. मला माफी मागायची होती. तोंडातून एवढंच आलं, "सर, त्या पाच मिनिटांमुळंच झालं सगळं. तो नियम नसता तर."

"नियम?" सर म्हणाले. मोपेडवर बसलेले ते उतरले नाहीत, पण किकवरचा पाय खाली घेतला. "नियम-बियम काही नव्हता रे. एखादा गडी रोज पहाटे येतो. घाम गाळतो. त्याला खेळता येणार नाही हे मला चार दिवसांत दिसतं. मग त्याला सांगायचं असतं, उद्यापासून येऊ नको. ते सांगायला मी जायचो आणि तोंडच उघडायचं नाही. मग काय करणार? पाच मिनिटं देऊन टाकायचो. तेवढीच भरपाई, त्याच्याशी खरं बोललो नाही म्हणून." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझ्या वेळी तर तीनदा ठरवून आलो होतो. एकदा तुझे वडील आले होते बघायला. त्याच दिवशी सांगणार होतो."

गेटपाशी मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. नवीन कोच लवकर आला होता. सरांनी तिकडं बघून ओळखीनं मान हलवली आणि किक मारली.

"रोज येणाऱ्या माणसाला येऊ नको म्हणायचं," ते म्हणाले, "मला कधी जमलं नाही."

मग रेषेवर उभं राहून म्हणायचे त्याच आवाजात, माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला जमलं."